जीवरक्षक पदासाठी शंभर प्रश्न

माणूस आणि इतर प्राणी यांच्यातला खरा फरक बुद्धीचा नाही, भाषेचा नाही आणि दोन पायांवर चालण्याचा तर नाहीच नाही (कोंबडीही दोन पायांवर चालते, म्हणून तिला कोणी सभेचं अध्यक्षपद देत नाही). फरक असा की प्राण्याला त्याच्या उपयोगाचं तेवढंच ठाऊक असतं. मांजराला उंदीर कुठे लपलाय ते कळतं. मंगोलियाची राजधानी कुठली ते कळत नाही आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. माणूस मात्र घराची किल्ली कुठे ठेवली ते विसरेल, बायकोचा वाढदिवस विसरेल, पण शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो हे मरेपर्यंत विसरणार नाही. या दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानाला सामान्यज्ञान म्हणतात. मानवजातीने आजवर केलेल्या प्रगतीत त्याचा वाटा किती, हा प्रश्न अजून कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आलेला नाही.

आमच्या शहराने सामान्यज्ञानाला जे स्थान दिलं आहे ते इतर शहरांनी येऊन बघावं असं आहे. इथे सामान्यज्ञान मंडळ नावाची संस्था असून नगरपालिकेतली प्रत्येक भरती या मंडळामार्फत होते. मी मंडळाचा मानद सचिव. पूर्वी मी वजनमापे खात्यात होतो आणि दुकानदारांची मापं तपासायचो. निवृत्तीनंतर उमेदवारांची मापं काढतो. मंडळाचे अध्यक्ष व्यवसायाने दंतवैद्य आहेत. समोरच्याने तोंड उघडून निमूट बसावं आणि प्रश्न आपण विचारावेत, ही सवय त्यांना दवाखान्यातच लागलेली होती, त्यामुळे अध्यक्षपदासाठी वेगळं प्रशिक्षण द्यावं लागलं नाही.

मंडळ स्थापन होण्यापूर्वी भरतीची पद्धत अगदीच रानटी होती. ड्रायव्हर घ्यायचा तर त्याला गाडी चालवून दाखवायला लावत. माळी घ्यायचा तर त्याच्या हातात खुरपं देत. यात एक ढळढळीत अन्याय होता, आणि तो इतकी वर्षं कोणाच्या डोळ्यावर आला नाही याचं आश्चर्य वाटतं: ज्याला गाडी चालवता येत नाही त्याला ड्रायव्हर होण्याची संधीच मिळत नसे. मंडळाने हा भेदभाव मुळापासून उपटून काढला. आता माळी असो, ड्रायव्हर असो की रोखपाल, सगळ्यांना तेच शंभर प्रश्न. विज्ञान, भूगोल, प्रवास आणि चित्रपट यांवर प्रत्येकी पंचवीस. हे ज्ञान सर्वांना समान आहे, कारण ते कोणाच्याच कामाचं नाही.

परिणाम लगेच दिसू लागले. रुग्णवाहिकेच्या नव्या ड्रायव्हरला जगातल्या सगळ्या लांब रस्त्यांची लांबी तोंडपाठ आहे. तो पत्ता चुकतो हे खरं, पण चुकून जिथे पोहोचतो तिथले अक्षांश-रेखांश रुग्णाला अचूक सांगतो. अग्निशमन दलातल्या जवानांना सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान माहीत असल्यामुळे गावातली कुठलीही आग त्यांना किरकोळ वाटते आणि ते उगाच धावपळ करत नाहीत. वायरमनला प्रकाशाचा वेग ठाऊक आहे. (प्रकाश येत नाही, ही तक्रार वेगळ्या खिडकीवर करायची असते.) मंडळाने केलेल्या पाहणीत नागरिकांचं समाधान शेकडा बासष्टवरून थेट शेकडा एकशे आठवर गेल्याचं आढळलं. वरचे आठ बहुधा पाहुणे असावेत.

आता मूळ विषयाकडे येतो. नगरपालिकेचा एक तरणतलाव आहे. हिरव्या फरश्या, क्लोरीनचा डोळ्यांत जाणारा वास, ओल्या टॉवेलांनी लदलेल्या तारा आणि खोल बाजूला एक उंच लोखंडी खुर्ची. त्या खुर्चीवर माझी भाची बसायची. माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आमच्या ताईची, ही एकुलती एक मुलगी. लहानपणी आंघोळीच्या बादलीतून बाहेर यायला तयार नसायची म्हणून घरात तिचं नाव बदकी पडलं आणि ती सव्वीस वर्षांची झाली तरी ते काही सुटलं नाही. केस कायम ओलसर, डोळे कायम लाल आणि "काठावर धावू नका रे!" असं दिवसभर ओरडून घसा कायम बसलेला. मेहुणे गेल्यापासून ताईचं घर तिच्या शिलाई मशीनवर आणि या मुलीच्या नोकरीवर चाललेलं.

ही नोकरी तात्पुरती होती. तिच्या तात्पुरतेपणाला बरीच वर्षं झाली होती. त्या वर्षांत तिने किती जणांना पाण्यातून ओढून काढलं याचा आकडा उपलब्ध नाही, कारण तलावावर नोंद होते ती बुडून मेलेल्यांची. बुडता बुडता वाचलेला माणूस अंग पुसून घरी जातो, त्याची कसली नोंद करणार? तिच्या काळात नोंदवही कोरी राहिली. त्यामुळे नगरपालिकेने जेव्हा तिची सेवा तपासली तेव्हा ती इतकी वर्षं तिथे नक्की काय करत होती, याचा काही पुरावा सापडला नाही.

जीवरक्षकाची जागा कायम करायचं ठरलं आणि अर्थातच परीक्षा जाहीर झाली. पास झाली तर बदकी कायम, नाही तर घरी. ताई त्याच दिवशी माझ्याकडे आली.

"अरे, पेपर तूच काढतोस ना? मग पोरीला दोन-चार प्रश्न सांगितलेस तर तुझं काय जातंय?"

"ताई, गोपनीयता नावाची एक गोष्ट असते."

"शाळेत तुझ्या निबंधाच्या वह्या मी लिहून द्यायचे तेव्हा कुठे गेली होती रे तुझी गोपनीयता?"

"तो घरचा अभ्यास होता. ही शासकीय परीक्षा आहे."

"आई, राहू दे ग," बदकी म्हणाली. "मामाला उगाच पेचात टाकू नकोस. मी करते पाठ. पण मामा, एक सांग. पेपरात पोहण्यावर काही असतं का?"

मी तिला समजावलं की पोहणं हे विशेषज्ञान झालं. मंडळाचा संबंध फक्त सामान्यज्ञानाशी आहे. ती "बरं" म्हणाली. ही मुलगी "बरं" म्हणते तेव्हा समोरच्याला आपण मूर्ख असल्यासारखं वाटतं. हा तिच्या आईकडून आलेला गुण आहे.

नियमात बसेल तेवढी मदत करायची म्हणून मी संध्याकाळी तलावावर जाऊन तिची तयारी घेऊ लागलो (जुन्या पेपरांतले प्रश्न, याची कृपया नोंद घ्यावी). मी खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर, ती वर लोखंडी खुर्चीवर. उत्तर देताना तिने एकदाही माझ्याकडे तोंड वळवलं नाही. नजर पाण्यावर खिळलेली. हे परीक्षार्थीला शोभत नाही, असं मी तिला दोन-तीनदा सांगून पाहिलं.

एकदा मी विचारलं, "जगातला सर्वांत खोल सागरी गर्त कोणता?" तर उत्तराच्या जागी धप्पकन आवाज आला आणि माझा पेपर भिजला. खुर्ची रिकामी होती. थोड्या वेळाने ती एका भल्या थोरल्या पोस्टमास्तरांना काखेत धरून काठाशी आली, त्यांना पालथं करून पाठीवर थापट्या मारल्या, त्यांनी पोटातलं पाणी आणि दुपारचा चहा बाहेर काढल्यावर त्यांच्या अंगावर टॉवेल टाकला आणि धापा टाकत मला म्हणाली, "मरियाना." उत्तर बरोबर होतं. मात्र त्याला लागलेला वेळ नियमापेक्षा बराच जास्त होता, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं.

परीक्षेत अठ्ठ्याण्णव प्रश्न व्यवस्थित पार पडले. घात केला त्रेसष्टाव्या प्रश्नाने. प्रत्येक पेपरात निदान एक तरी प्रश्न पदाशी संबंधित असावा, असा हट्ट मंडळातल्या एका नव्या सदस्याने धरला होता (त्यांना नंतर सदस्यत्वातून मुक्त करण्यात आलं). प्रश्न असा:

पाण्यात माणूस बुडताना दिसल्यास आपण प्रथम काय कराल? (अ) पाण्यात उडी मारीन. (ब) मोठ्याने ओरडेन. (क) वरिष्ठांना लेखी कळवीन. (ड) वरीलपैकी सर्व.

बदकीने कुठल्याच अक्षराभोवती गोल केला नाही. तिने समासात लिहिलं: "आधी बांबू नाही तर दोरी पुढे करायची. पोचत नसेल तर तरंगतं काहीतरी फेकायचं. काहीच जमलं नाही तर मागच्या बाजूने जाऊन धरायचं. समोरून गेलं तर तो आपल्यालाही घेऊन जातो." एवढं सगळं बारीक अक्षरात लिहिता लिहिता एका प्रश्नाला वेळ उरला नाही, ते वेगळंच.

उत्तरपत्रिका तपासताना मंडळासमोर मोठा पेच उभा राहिला. समासात लिहिणं म्हणजे उत्तरपत्रिका खराब करणं, आणि नियमानुसार खराब उत्तरपत्रिका संपूर्ण बाद होते. दरम्यान तो प्रश्न विशेषज्ञानाचा असल्याचं ध्यानात आल्यामुळे मंडळाने तो रद्द केला. म्हणजे प्रश्न नव्हताच, असं ठरलं. समासातला मजकूर मात्र होता. नसलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहून उमेदवाराने सरकारी कागद नासवला, असा निष्कर्ष निघाला. बदकी नापास झाली. निकाल मीच फलकावर लावला, कारण सचिवाचं ते कामच आहे. त्या रात्री ताईने मला जेवायला थांब म्हटलं नाही.

पहिला आला तो कोशभाऊ. या तरुणाचं खरं नाव काय ते आता त्याच्या आईलाही आठवून सांगावं लागतं. गावभर तो कोशभाऊ म्हणूनच ओळखला जातो. नव्व्याण्णवपैकी नव्व्याण्णव. त्याला सगळं येतं: ऑक्टोपसला हृदयं किती, कुठल्या नटाच्या घोड्याचं नाव काय, कुठल्या देशाच्या ध्वजावर कुठला पक्षी. पोहता मात्र येत नाही. स्वभावाने इतका सरळ, की मुलाखतीत त्याने हे स्वतःहून सांगितलं.

"साहेब, मला पाण्याची भीती वाटते."

अध्यक्षांनी विचारलं, "पृथ्वीचा किती भाग पाण्याने व्यापला आहे?"

"सुमारे एकाहत्तर टक्के, साहेब."

"इतकं माहीत आहे आणि भीती कसली वाटते?"

कोशभाऊ म्हणाला की भीती त्यामुळेच वाटते. पण एका सदस्यांनी पाणघोड्याचा दाखला दिला. पाणघोड्याला पोहता येत नाही, तो तळावरून चालतो, तरी त्याचा सगळा दिवस पाण्यात जातो आणि त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. यावर कोशभाऊने मान डोलावली, कारण माहिती बरोबर होती. नेमणूक झाली.

तो नंतर मला एकट्याला गाठून म्हणाला, "काका, मला वाचनालयात टाका ना. मी अर्ज तिथलाच केला होता. पुस्तकं निदान नाकातोंडात जात नाहीत." पण सगळ्या जागांची गुणवत्ता यादी एकच असते, आणि वाचनालयाची जागा तिच्यातल्या शेवटच्या उमेदवाराला गेली होती. तिथे नुसतं बसायचं असतं, तेव्हा हुशार माणूस वाया घालवू नये असं मंडळाचं धोरण आहे. शेवटच्या उमेदवाराला वाचता येतं की नाही, हे अजून कळलेलं नाही.

पहिल्याच दिवशी कोशभाऊ खुर्चीच्या तिसऱ्या पायरीवर डोळे मिटून उभा राहिला. जीवरक्षक पाण्यात पडला तर त्याला कोण काढणार, हा प्रश्न नगरपालिकेपुढे आला आणि बदकीला पुन्हा बोलावणं गेलं. पद: जीवरक्षकाची जीवरक्षक, तात्पुरती. ती आली. कोशभाऊ वर बसायचा आणि ती खाली उभी राहून त्याच्यावर आणि तलावावर अशी दोन्हीकडे नजर ठेवायची. तो तिला ताई म्हणायचा आणि दर अर्ध्या तासाने विचारायचा, "ताई, तुम्ही आहात ना?"

ही व्यवस्थाही फार टिकली नाही. एवढ्या गुणी कर्मचाऱ्याचा जीव रोज धोक्यात घालणं बरं नव्हे, म्हणून तलावातलं पाणी गुडघ्याइतकं करण्यात आलं. हा निर्णय कमालीचा यशस्वी ठरला. बुडण्याचं प्रमाण शून्यावर आलं (ते आधीही शून्यच होतं, पण ते नियोजनाशिवाय आलेलं असल्यामुळे मोजलं गेलं नव्हतं). पोहण्याचं प्रमाणही शून्यावर आलं. लोक संध्याकाळी येत, पाय सोडून बसत, गुडघे भिजवत आणि एकमेकांना राजधान्या विचारत. गुडघाभर पाण्यात जीवरक्षकाला जीवरक्षक कशाला, हे मग ओघानेच आलं. बदकीला कमी करण्यात आलं.

ती घरी बसून ताईच्या ब्लाउजांना हुक लावू लागली. मी गेलो की मान वर न करता "ये मामा" म्हणायची. मीच तिला अपील करायचा सल्ला दिला. प्रश्नच रद्द झाला आहे तर त्याच्या समासालाही रद्द समजावं, असा मुद्दा मी तिला सुचवला (सचिव या नात्याने नव्हे, मामा या नात्याने, हे दोघं माझ्यात शक्यतो एका वेळी हजर नसतात). अपील दाखल झालं. मुद्दा बिनतोड होता. सुनावणी मंडळाच्या वर्धापनदिनानंतर लगेच ठेवली होती, आणि दोन सदस्य तिच्या बाजूने आहेत हे मला कळलं होतं. ताईने तर देवापुढे साखरही ठेवली.

वर्धापनदिनाला आंतरविभागीय प्रश्नमंजूषेची अंतिम फेरी तरणतलावावर घ्यायचं ठरलं. काठावर मंच उभारला, समोर खुर्च्यांच्या रांगा मांडल्या आणि रोषणाईचं प्रतिबिंब चांगलं पडावं म्हणून तलाव पुन्हा काठोकाठ भरण्यात आला. अंतिम फेरीत पाणीपुरवठा विरुद्ध करवसुली. गुणफलक खोल बाजूला होता आणि आकडे बदलायला कोशभाऊला उभं केलं होतं. गुडघाभर पाण्याची सवय झाल्यामुळे तो आता काठाशी बिनधास्त उभा राहू लागला होता. आपला जीवरक्षक पाण्याला सरावला, असं कौतुक अध्यक्षांनी भाषणात केलं.

बदकी यायला तयार नव्हती. ताईनेच ओढून आणली. "उद्या सुनावणी आहे. अध्यक्षांच्या नजरेस तरी पड. नमस्कार कर, हसून बोल." दोघी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. बदकीने आईची नवी साडी नेसली होती आणि तिचे केस पहिल्यांदाच कोरडे दिसत होते. मी मंचावर अध्यक्षांच्या शेजारी उत्तरांचं पाकीट घेऊन बसलो होतो.

सामना बरोबरीत आला. अध्यक्षांनी शेवटचा, निर्णायक प्रश्न वाचला: जगात सर्वाधिक प्रमाणवेळा कोणत्या देशात आहेत? (अ) रशिया (ब) अमेरिका (क) चीन (ड) फ्रान्स.

पाणीपुरवठ्याने प्रश्न पुरता संपायच्या आत घंटी वाजवली आणि सांगितलं: रशिया. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी माझ्या पाकिटातला कागद पाहिला आणि म्हणाले, "चूक."

त्यानंतर जे झालं ते सांगणं अवघड आहे. सगळं गाव आयुष्यभर रशिया हेच उत्तर मानत आलेलं. लोक खुर्च्यांवरून उठले. कोणी म्हणालं पेपर फुटलाय, कोणी म्हणालं कागद उलटा धरलाय. निवृत्त मुख्याध्यापक मंचापर्यंत येऊन नकाशा मागू लागले. करवसुलीचा संघ एकमेकांच्या कानात कुजबुजू लागला, कारण आता पाळी त्यांची होती आणि त्यांनाही रशियाच वाटत होतं.

कोशभाऊला उत्तर येत होतं. अर्थातच येत होतं. इतक्या लोकांत फक्त त्यालाच येत होतं. त्याने हात वर केला, टाचा उंचावल्या, मंचावरून आपण दिसावं म्हणून एक पाऊल मागे घेतलं, आणि मागे काठ संपला होता.

गोंगाटात आवाज कोणाला ऐकू आला नाही. अध्यक्षांना फक्त पाण्याच्या वर एक हात दिसला. त्यांनी माइक तोंडाशी घेतला आणि शांतपणे बजावलं, "प्रेक्षकांपैकी कोणीही उत्तर देऊ नये. हात खाली घ्या." हात खाली गेला. सूचनेचं इतकं तत्पर पालन मंडळाच्या इतिहासात दुसऱ्यांदा झालेलं नाही.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून खुर्च्या पडल्याचा आवाज आला आणि नवी साडी नेसलेली एक मुलगी लोकांच्या खांद्यांना धक्के देत काठाकडे धावत सुटली. (काठावर धावू नये, हे तिनेच लोकांना वर्षानुवर्षं सांगितलेलं.) बांबू होता तिथे आता रोषणाईची माळ बांधलेली होती. अध्यक्ष म्हणाले, "कृपया शिस्त पाळा." ती पाण्यात गेली आणि दिसेनाशी झाली.

इकडे करवसुलीच्या संघाने मुदत मागून घेतली आणि बराच खल करून चीन हे उत्तर दिलं. ते तर फारच चूक. एवढा मोठा देश असूनही चीनमध्ये सगळीकडे एकच घड्याळ चालतं, असं अध्यक्षांनी सांगितल्यावर लोकांत आश्चर्याची लाट पसरली. मग निवृत्त मुख्याध्यापकांनी अमेरिकेचा मुद्दा काढला. देशाचे दूरदूरचे तुकडे मोजायचे की नाही, मोजायचे तर कुणाचे मोजायचे, समुद्रातल्या बेटांना देश म्हणायचं का, यावर तिथल्या तिथे पाच जणांची उपसमिती नेमण्यात आली. उपसमितीत रशियाच्या बाजूने दोन, अमेरिकेच्या बाजूने दोन आणि एक तटस्थ (त्यांना प्रश्न ऐकूच आला नव्हता). नकाशा आला, तो लहान निघाला, मोठा आणवला. बोटांनी मोजणी झाली, दोन वेळा चुकली. शेवटी आवाज चढवून, चष्मे बदलून उपसमिती माझ्या पाकिटातल्या कागदाशी सहमत झाली.

उत्तर फ्रान्स. जगभरातल्या सात समुद्रांवर त्याचे तुकडे विखुरलेले आहेत, ते धरून प्रमाणवेळा बारा होतात, रशियात अकरा. कोणाही माहीतगाराला विचारून खात्री करून घ्यावी.

आता बरं वाटलं ना?

ही हकिकत मी आजवर अनेकांना सांगितली आहे: लग्नसमारंभात, दवाखान्याच्या बाकावर, बँकेच्या रांगेत. मध्येच मी मुद्दाम श्वास घ्यायला थांबतो. ऐकणारे सगळे सुशिक्षित, हळवे, चार पुस्तकं वाचलेले. तरी मी थांबलो की प्रत्येक जण एकच विचारतो, "मग उत्तर काय होतं?" मंडळाच्या पद्धतीने पाहणी केली तर हे प्रमाण शेकडा शंभर भरतं. तुम्हालाही मी त्याच जागी थांबवलं. एक माणूस आणि एक मुलगी पाण्याखाली होती, आणि मी तुम्हाला म्हटलं चला, उपसमितीकडे जाऊ. तुम्ही आलात. चीनमध्ये एकच घड्याळ आहे हे ऐकून तुम्हाला थोडी गंमतही वाटली असेल.

विचारलं नाहीत, तरी सांगतो. दोघं वर आले. कोशभाऊ काठोकाठ घाबरलेला होता, त्याने समोरून तिला मिठी मारली, आणि काठाच्या दगडावर तिचा उजवा खांदा आपटून निखळला. तशा अवस्थेत तिने त्याला डाव्या हाताने ओढत आणलं. काठावरून हात द्यायला एकटी ताई वाकली होती. बाकीचे आम्ही नकाशाभोवती होतो.

सुनावणी ठरल्याप्रमाणे झाली. अपील मान्य झालं, समास रद्द धरण्यात आला आणि बदकी उत्तम गुणांनी उत्तीर्ण ठरली. नंतरच्या वैद्यकीय तपासणीत हात डोक्याच्या वर जात नाही असं आढळल्यामुळे ती जीवरक्षक पदाला कायमची अपात्र झाली. कोशभाऊ अजून त्या खुर्चीवर आहे. सुट्टीच्या दिवशी तो ताईकडे येतो, हुक लावू लागतो आणि काही विचारलं तर आठवत नाही म्हणतो. बदकीला स्वतःचे केस विंचरता येत नाहीत. रोज सकाळी ताई मशीन थांबवून विंचरून देते. मला ते बघवत नाही, म्हणून मी हल्ली दुपारी जातो.

हे अर्थात सामान्यज्ञानात मोडत नाही, तेव्हा तुम्ही लक्षात ठेवायचं काही कारण नाही.